कोरा फोन आणि आठ फुटी मोर

खुशीने तक्ता केला, तिथूनच सगळं सुरू झालं. तिने तक्ता केला नसता, तर तिच्या बाबांनी राजकमल चौकातून येता येता पहिल्या दिसलेल्या दुकानातून एक फोन उचलला असता, आईने दोन दिवस नाक मुरडत तो वापरला असता आणि तिसऱ्या दिवशी तिला सवय झाली असती. अमरावतीतली निम्मी घरं असेच फोन घेतात आणि सुखाने नांदतात. पण खुशी दहावीत होती आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पाण्याची टाकी भरली की शिट्टी वाजवणारं यंत्र करून तिने नुकताच दुसरा नंबर पटकावला होता. (पहिला नंबर ज्वालामुखीला गेला. ज्वालामुखीला नेहमीच जातो. त्याबद्दल नंतर कधीतरी.) त्या दिवसापासून तिने घरातल्या टेक्निकल खात्याच्या प्रमुखपदी स्वतःची नेमणूक केली होती. नेमणुकीला कोणी विरोध केला नाही, कारण अशी काही नेमणूक झाल्याचं कोणाला माहीतच नव्हतं.

तक्त्यात वरून खाली सात फोन होते आणि डावीकडून उजवीकडे अकरा रकाने. बॅटरी, कॅमेरा, स्क्रीन, अपडेट किती वर्षं येणार, वगैरे. सगळे फोन वीस ते पंचवीस हजारांतले, म्हणजे घेताना छातीत धस्स व्हावं पण पाणी मागायची पाळी येऊ नये, असे.

फोन हवा होता आईला. पौर्णिमाबाईंना, असं गिऱ्हाईक म्हणायचं. नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्याला त्यांचं झेंडू-शेवंतीचं शेत होतं. पिकवायचं काम बाबांचं, ओवायचं आणि सजवायचं आईचं. आईकडे आजवर होता तो आयफोन. पुण्याच्या मामाने स्वतः नवा घेतल्यावर जुना बहिणीला दिला होता, आणि पाठीवर अर्धवट खाल्लेलं सफरचंद असलेला गल्लीतला तो एकमेव फोन होता. तो तीनदा निशिगंधाच्या बादलीत पडला. पहिल्या दोन वेळी लगेच काढला. तिसऱ्या वेळी मात्र तो तळाशी राहिला आणि वरच्या चार जुड्या विकल्या गेल्यावर कुठे दिसला. तेव्हापासून चार्जरच्या वायरला बांधलेला असेल तरच तो जिवंत असायचा, खुंटीच्या गाईसारखा. वायर काढली की सात मिनिटं. तसाच दुसरा नवा घ्यायचा तर पंपाच्या मोटारीचं बजेट त्यात गेलं असतं. म्हणून यावेळी नुसता फोन नाही, घराणंच बदलायचं ठरलं होतं. आयफोन सोडून अँड्रॉइडवर यायचं.

पण आईला फोनची काळजी नव्हती. तिला काळजी होती फोनमधल्या जयवंताबाईंची.

जयवंताबाई अकोल्याच्या. येत्या रविवारी त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि त्या लग्नाचा अख्खा मांडव आईकडे होता. आजवर आई दुसऱ्याच्या हाताखाली हार ओवायची, माळा सोडायची. पूर्ण मांडव, गेटपासून स्टेजपर्यंत, तिचा एकटीचा, हे पहिल्यांदाच. जयवंताबाईंनी व्हॉट्सॲपवर त्रेसष्ट व्हॉइस मेसेज पाठवले होते. त्यातला सगळ्यात छोटा दोन मिनिटांचा. गेट किती हात रुंद, हळदीला कोणता रंग, स्टेजला कोणता, आणि मुख्य म्हणजे गेटच्या वर झेंडूचा आठ फुटी मोर. कारण खामगावच्या जावेच्या मुलीच्या लग्नात सहा फुटी होता. बाबांनी एकदा विचारलं होतं की हे सगळं वहीत काहून लिहून घेत नाहीस. आई म्हणाली, ऐकता ऐकता मी ओवते, लिहू कोणत्या हातानं.

तेव्हा खुशीने जेवता जेवता सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आई, तुह्या जयवंताबाई जशाच्या तशा नव्या फोनमध्ये आणून देते. एक मेसेज इकडचा तिकडं झाला तं माही जबाबदारी."

आईने मान डोलावली आणि तिच्या पानात आणखी एक भाकर वाढली. खुशीला ती शपथविधीसारखी वाटली.

आता फोन निवडायचा म्हणजे सल्ला आला. शेजारचे मोतीरामकाका वीज खात्यातून रिटायर झालेले आणि मूळचे मोर्शीचे. मोर्शीच्या माणसाला जगातली कोणतीही वस्तू संत्र्याच्या हिशेबाने कळते. त्यांनी सांगितलं की फोन हातात घेऊन तोलून पाहायचा. हलकं संत्रं आतून कोरडं भेंड निघतं, फोनचंही तसंच. खुशीने त्यांना समजावलं की हल्ली हलका फोन चांगला समजतात. काका तिच्याकडे फार दयेने पाहू लागले. वरच्या मजल्यावरच्या माधवीताईंचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या ओळखीत एका बाईने आयफोन सोडून अँड्रॉइड घेतला, आणि त्या बाईला सहा महिने आपण माहेर सोडून आल्यासारखं वाटत होतं. यावर काय बोलावं हे तक्त्यात नव्हतं. आजी, म्हणजे पार्बताबाई, एवढंच म्हणाली की जो घ्याल तो मंगळवारी घ्या आणि पावती माह्या नावावर करा. घरात कोणतीही नवी वस्तू आजीच्या नावावर घ्यायची, हा त्यांच्या घरचा रिवाजच होता. त्यामुळे कागदोपत्री चौऱ्याहत्तर वर्षांच्या पार्बताबाईंच्या मालकीची एक मोटरसायकल होती, एक फ्रिज होता आणि पाठीवरचे दोन फवारणी पंप होते.

आईने तक्ता लक्ष देऊन वाचला. अकराच्या अकरा रकाने. मग विचारलं, "यात झेंडू कसा दिसते?"

खुशी म्हणाली की कॅमेऱ्याचा रकाना आहे ना, पन्नास मेगापिक्सेल. आई म्हणाली, मेगापिक्सेल नाही, झेंडू. बहुतेक फोनला झेंडू म्हणजे बल्ब पेटल्यासारखा वाटतो. केशरी आणि पिवळा दोन्ही एकच होऊन जातात, आणि मग गिऱ्हाईक फोटो पाहून ऑर्डर देतं आणि मांडवात येऊन भांडतं. तेव्हा फोन घ्यायचा तर फुलं दाखवूनच. हे असं काही जगातल्या कोणत्याही तक्त्यात नसतं, हे खुशीला मान्य करावं लागलं. तिने बारावा रकाना आखला आणि तो रिकामा सोडला.

मंगळवारी दुकानात पाच माणसं आणि एक टोपली गेली. आई, बाबा, आजी, खुशी आणि जाणकार म्हणून मोतीरामकाका. टोपलीत केशरी झेंडू, पिवळा झेंडू, देशी गुलाब आणि शेवंती. काउंटरवर करिश्मा नावाची तरुण मुलगी होती. तिने टोपली पाहिली आणि नम्रपणे सांगितलं की देवाला हार सकाळीच झाला, आता उद्या. बाबांनी शर्टाची कॉलर नीट केली. "आमी गिऱ्हाईक आहो," ते म्हणाले. इतक्या भारदस्तपणे ते फक्त बँकेत बोलतात.

मग आईने काचेवर चार फुलं मांडली आणि एकेक फोन मागवायला सुरुवात केली. पहिल्यात केशरी आणि पिवळा सख्खे जुळे भाऊ झाले. दुसऱ्यात गुलाब प्लास्टिकचा निघाला. तिसरा करिश्माने स्वतः हौसेने काढला, कारण त्यात चेहरा सुंदर करायची सोय होती. ती सोय फुलांनाही लागू झाली आणि शेवंतीच्या पाकळ्यांवरच्या सगळ्या रेघा पुसल्या गेल्या. आई बराच वेळ त्या फोटोकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "पोरी, हे फूल नाही. हे साबण हाय."

इकडे मोतीरामकाका प्रत्येक फोन तळहातावर घेऊन डोळे मिटून तोलत होते. दुकानातली बाकीची गिऱ्हाईकं स्वतःचे फोन सोडून इकडे आली. एका बाईने हळूच विचारलं की शेवंती कशी दिली. आईने फोनवरची नजर न काढता भाव सांगितला. बाईने पाव किलो मागितली. मग आणखी एकीने गुलाब मागितले, आणि एक गृहस्थ कव्हर घ्यायला आले होते ते कव्हर विसरून हार सांगून बसले. करिश्माने कोणाला हटकलं नाही, कारण दुकानात आठवडाभरात एवढी गर्दी झाली नव्हती. शेवंती बांधायला कागद सापडेना. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि खुशीच्या मांडीवर एक कागद दिसला तो घेतला. दोन रात्री जागून केलेला, सात फोन आणि बारा रकान्यांचा तक्ता पाव किलो शेवंती पोटात घेऊन एका अनोळखी बाईबरोबर रिक्षात बसून निघून गेला.

पाचव्या फोनमध्ये केशरी केशरी दिसला आणि पिवळा पिवळा. आईने तोच फोटो तीनदा काढला, दुकानाच्या दारात जाऊन उन्हात काढला, सावलीत काढला. मग म्हणाली, हाच. खुशीला पक्कं आठवत होतं की तिच्या तक्त्यात हा फोन सहाव्या नंबरावर होता आणि अकरापैकी नऊ रकान्यांत इतरांच्या मागे होता. पण पुरावा शेवंतीबरोबर गेला होता. मोतीरामकाकांनी फोन तोलला आणि तेही म्हणाले, रसाचा हाय. पावती पार्बताबाईंच्या नावावर झाली.

घरी आल्यावर खुशीने खोक्यावर हात ठेवून सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. जुन्या फोनमधलं व्हॉट्सॲप नव्यात आणायचं तर नवा फोन अगदी कोरा लागतो. एकदा चालू करून वापरला की संपलं. दोन्ही फोन एका खास केबलने जोडावे लागतात, जुन्याला वीजही त्याच केबलमधून मिळते. ती केबल उद्या शाळेतून येताना ती आणणार. तोवर खोक्याला कोणी हात लावायचा नाही. हात लावायचा नाही, हे तिने दोनदा सांगितलं. आजीने दोन्ही वेळा हो म्हटलं.

बुधवारी संध्याकाळी खुशी केबल घेऊन घरी आली तर फोन देवासमोर पाटावर बसला होता. कपाळाला, म्हणजे स्क्रीनच्या वरच्या भागाला, हळदकुंकू. बाजूला अर्धा नारळ. आणि आजी त्याच फोनवर पातूरच्या सुभद्राआत्याशी बोलत होती. खुशीला घरचा दुसरा रिवाज आठवायला हवा होता, पण टेक्निकल खात्याच्या प्रमुखाला इतक्या बारक्या गोष्टी लक्षात राहत नाहीत. नव्या फोनवरून पहिला मान आत्याचा. लँडलाइन आला तेव्हापासून. मोतीरामकाकांनी मोठ्या कौशल्याने फोन चालू करून दिला होता, आईचं कार्ड त्यात बसवलं होतं आणि आत्याला चेहरा दिसावा म्हणून व्हॉट्सॲपही घातलं होतं. कोरंकरकरीत व्हॉट्सॲप. त्यात एकच माणूस होतं, सुभद्राआत्या.

खुशी खाली बसली. पण विज्ञानाची मुलगी हिंमत हरत नाही. तिने सगळ्यांना धीर दिला की काही बिघडलं नाही, फोन पहिल्यासारखा करता येतो. सेटिंगमध्ये जाऊन तिने एक बटण दाबलं आणि पाच मिनिटांत फोनवरचं सगळं पुसलं गेलं. आजी शेजारी बसून पाहत होती. तिने विचारलं, आता हा कसा झाला? आणि खुशीने अभिमानाने उत्तर दिलं, "आजी, आता तो दुकानातून आल्यासारखा झाला. एकदम नवा."

आयुष्यात काही वाक्यं माणसाने गिळून टाकावीत. हे त्यांपैकी होतं.

त्या संध्याकाळी जुन्या फोनने मामाचा पासवर्ड मागितला. मामा पुण्यात मीटिंगमध्ये होता, मग जेवत होता, मग झोपला. सकाळी त्याने पासवर्ड पाठवला, पण तेव्हा खुशीची शाळा होती. संध्याकाळी आल्या आल्या तिने दोन्ही फोन समोर घेतले, केबल काढली, एक टोक जुन्या फोनला लावलं. लागलं. दुसरं टोक नव्या फोनला लावलं. लागेना. उलटं करून पाहिलं. जरा जोर लावला. मग तिने फोन उजेडाकडे धरून खालच्या भोकात पाहिलं.

भोक भरलेलं होतं. आत काहीतरी पिवळसर, मऊ आणि वेलदोड्याचा वास येणारं.

चौकशी बसली. आजीने काहीही लपवलं नाही. फोन पुन्हा नवा झाला असं खुशीनेच सांगितलं होतं, आणि नवी वस्तू बिनपूजेची वापरत नसतात. तेव्हा दुपारी तिने पुन्हा पूजा केली. पहिल्या वेळी फक्त हळदकुंकू आणि नारळावर भागवलं म्हणूनच मेलं काहीतरी अडलं असेल, या विचाराने तिने यावेळी नैवेद्यही दाखवला. फ्रिजला दाखवला होता, मोटरसायकलीला दाखवला होता. फक्त याचं तोंड कुठं आहे ते समजत नव्हतं. वर डोये होते तीन. मग खाली बारीक भोक दिसलं.

"कण दोन कण पेढा ठेवला," आजी म्हणाली. "नीट आत गेला."

शुक्रवारी खुशीने शाळा बुडवली आणि फोन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेला. नंबर लागला सत्तावीस. पंचविसावा नंबर जेवायच्या सुट्टीआधी झाला आणि सव्विसावा सुट्टीनंतर. काउंटरवरच्या साहेबांनी फॉर्म दिला. बिघाडाचं कारण : पाणी, पडणे, धूळ, इतर. खुशीने "इतर"वर खूण केली. पुढे कंसात सविस्तर लिहा असं होतं. तिने सविस्तर लिहिलं. साहेबांनी फॉर्म वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं की पेढा म्हणजे नक्की पेढाच ना. नंतर म्हणाले की हे गॅरंटीत बसत नाही, आणि शिवाय पावतीवरच्या मालकाची सही लागेल, मालक समोर हजर पाहिजे.

बाबा मोटरसायकलवरून मालकाला घेऊन आले. मालकाने नऊवारी सावरत खुर्ची घेतली. साहेबांनी तिला समजावलं की आजी, फोनमध्ये खाद्यपदार्थ टाकला तर कंपनी जबाबदार नसते. आजीला राग आला तो टाकला या शब्दाचा.

"खाद्यपदार्थ काहून म्हणतो बाप्पा," ती म्हणाली. "परसाद हाय तो. अन् टाकला नाही, देल्ला."

साहेबांनी फोन उचलला. मग ते आत गेले आणि सुई, ब्रश आणि कसलंसं औषध वापरून अर्ध्या तासात त्यांनी फोन स्वच्छ करून आणला. पैसे घेतले ते फार थोडे. आजीने त्यांना पदराच्या गाठीतला उरलेला पेढा दिला आणि त्यांनी तो काउंटरवरच खाल्ला, फोनपासून लांब धरून.

खुशी घरी आली ती विजयी मुद्रेने. केबल तयार, नवा फोन कोरा, तोंड मोकळं, पासवर्ड पाठ. फक्त जुना फोन चार्जरवर नव्हता. त्या प्लगला फवारणीचा पंप लागला होता. शेतात माव्याची कीड पडली होती आणि बाबांना पंप चार्ज करायचा होता. त्यांनी फोनची वायर काढून फोन जपून उशाशी ठेवला होता. किती वेळ झाला, असं खुशीने विचारलं. बाबा म्हणाले, दुपारपासून.

जुना फोन परत उठला नाही. तासभर वायर लावली, दोन तास लावली. माधवीताई खाली आल्या आणि म्हणाल्या, तांदळात ठेवा. मोतीरामकाका म्हणाले, थंड जागी ठेवा. तेव्हा फोन तांदळाच्या डब्यात आणि डबा फ्रिजमध्ये अशी तडजोड झाली. (पार्बताबाईंच्या फ्रिजमध्ये.) शेवटी बाबा त्याला रिपेअरवाल्याकडे घेऊन गेले. त्याने सांगितलं, बॅटरी नागपूरहून येईल, सोमवारी. लग्न रविवारी होतं.

आई अंगणात बसून माळा ओवत होती. खुशी तिच्यासमोर जाऊन बसली. काय सांगायचं याची तिने दोन-तीन चांगली वाक्यं तयार केली होती, ज्यांत पेढा होता, पंप होता आणि मामाची मीटिंगही होती. आईच्या बोटांमधून सुई सरसर फिरत होती. खुशीला ती सगळी वाक्यं एकदम लाजिरवाणी वाटली.

"आई, मेसेज नाही आले," ती म्हणाली. "जबाबदारी मी घेतली होती."

आईने माळेला गाठ मारली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती मोजमाप आठवू लागली. गेट किती हात, हे आठवलं. स्टेजच्या मागे पांढरा की पिवळा, हे जयवंताबाईंनी पाच वेळा बदललं होतं आणि शेवटचं काय ते आठवेना. मोराची शेपटी कोणत्या बाजूला, त्यावर तर आठ मेसेज होते. आई म्हणाली, एवढा पहिला मांडव चुकला तर अकोल्यात पुन्हा नाव निघायचं नाही. हे ती खुशीला बोलली नाही, माळेला बोलली. मग सुई टोपलीत खोचून उठली.

"हे फोनवर नको. सकायच्या गाडीनं जाऊ. तूबी चाल. जयवंताबाईले तूच सांगशील."

मूर्तिजापूरपर्यंत खुशी खिडकीतून बाहेर पाहत होती आणि पुढे अकोल्यापर्यंत स्वतःच्या चपलांकडे. त्रेसष्ट मेसेज ऐकून तिच्या डोळ्यांसमोर जयवंताबाईंची जी मूर्ती उभी होती तिला घरात शिरायला साधारण तीन दारं लागली असती. प्रत्यक्षात जयवंताबाई चिमणीएवढ्या निघाल्या. रुखवताच्या डब्यांमध्ये बसून त्या सुपाऱ्या मोजत होत्या. चहा झाला. आईने खुशीकडे पाहिलं.

"काकू," खुशी म्हणाली, "तुमचे सगळे मेसेज गेले. आईची काही चूक नाही, मी घालवले. तुमच्या फोनमध्ये असतील तं पुन्हा पाठवान का?"

जयवंताबाईंच्या हातातली सुपारी हातातच राहिली. "म्हणजे तुमच्याकडं काहीच राहिलं नाही?"

"नाही."

"मोराचंबी नाही?"

"मोराचंबी नाही."

जयवंताबाई उठल्या. त्यांनी मधलं दार लावून घेतलं, कारण आत खामगावची जाऊ चिवडा भरत होती. मग येऊन त्या आईच्या इतक्या जवळ बसल्या की खुशीला वाटलं आता रडतात. पण त्या कुजबुजायला लागल्या. पंधरा दिवस झाले होते, त्यांची नवरी मुलगी मोरापायी त्यांच्याशी धड बोलत नव्हती. वराकडची मंडळी शिकलेली, ती हसतील म्हणत होती. जयवंताबाईंना स्वतःलाही पहिल्या आठवड्यानंतर मोर नकोसा झाला होता. पण सांगणार कसं? आठ मेसेज शेपटीवर पाठवलेले. पौर्णिमाबाई म्हणतील, बाईचं डोकं ठिकाणावर आहे की नाही. शिवाय सांगाडा तयार झाला असेल, मेहनत झाली असेल. म्हणून त्या गप्प होत्या.

"आता तुमाले मोर माहीतच नाही म्हणता," त्या म्हणाल्या, "तं नको बाई तो मोर."

आईने चहाचा कप खाली ठेवला. सांगाडा तीनदा तयार झाला होता. तीनही वेळा मान अशी काही झाली की गल्लीतली पोरं बदक म्हणून ओरडली. बाबांनी तर आठ फुटी बदक नांदगावच्या शेतात बुजगावणं म्हणून उभं करायची तयारी दाखवली होती. आईने हे एवढं सगळं सांगितलं नाही. ती फक्त म्हणाली, तुमची इच्छा. पण खुशीने पाहिलं, तिचे खांदे चार बोटं खाली उतरले.

मग जयवंताबाईंनी ते विचारलं जे त्रेसष्ट मेसेजांत एकदाही विचारलं नव्हतं. तुमी असता तं काय केलं असतं?

आईने आधी जागा पाहायला मागितली. मांडवाच्या दारात उभी राहून तिने विचारलं, वऱ्हाड कोणत्या बाजूनं येईल, किती वाजता, तेव्हा ऊन कुठं असेल. हाताने गेट मोजलं. म्हणाली, मुहूर्ताला ऊन बरोबर समोरून येते, तवा गेटवर पिवळा नको, डोये दिपतात. वर सगळा केशरी, सरळ माळा, जवळ जवळ, पावसासारख्या. आत पांढरी शेवंती, म्हणजे उन्हातून आलेल्या माणसाले गार वाटते. जयवंताबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. खुशी नव्या फोनमध्ये भराभर टाइप करत होती. इतकं भारी बोलताना तिने आईला कधी ऐकलं नव्हतं. घरी आई अशी बोलतच नाही, किंवा खुशीच तिला बोलू देत नसावी.

बाबा दुपारी पिकअपमध्ये फुलं घेऊन आले. रविवारी सकाळी साडेदहाला ऊन बरोबर समोरून आलं आणि गेट असं पेटलं की वरात दारात येऊन थांबली. बँडवाल्यालाही वाजवायचं सुचेना. खामगावच्या जावेने वर पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि विचारलं, मोर कुठं हाय? जयवंताबाई अतिशय शांतपणे म्हणाल्या, मोर आता कोणी ठेवत नाही, फुलाची शोभा जाते. नवरीने आईच्या, म्हणजे स्वतःच्या आईच्या, गळ्यात हात टाकला. पौर्णिमाबाईंनी नव्या फोनमध्ये फोटो काढला. केशरी केशरी आला. जेवणाच्या पंगतीत चार जणींनी तिचा नंबर घेतला, आणि तो खुशीने सांगितला, प्रत्येकीला सावकाश, दोनदा.

सोमवारी बॅटरी आली. बाबांनी जुना फोन घरी आणला आणि तो उठून बसला, एकदम ठणठणीत, वायरीशिवाय. खुशी शाळेतून आली आणि दप्तर न काढताच दोन्ही फोन घेऊन आईपाशी गेली. केबल तिच्या हातात होती. तिने सांगितलं की आता मेसेज येऊ शकतात, सगळे, शब्द दिला होता तसे. फक्त नवा फोन पुन्हा कोरा करावा लागेल. मांडवाचे फोटो ती आधी कुठंतरी काढून ठेवेल, नव्या चार बायकांचे नंबरही. एकही इकडचा तिकडं होणार नाही, असं ती म्हणणार होती, पण म्हणाली नाही.

आईच्या नव्या फोनवर तेव्हा जयवंताबाईंचाच फोन येऊन गेला होता. पाठवणी कशी झाली, कोण किती रडलं, जाऊ काय म्हणाली. पाऊण तास बोलल्या होत्या आणि आईही बोलली होती, मधून मधून हसत. आईने खुशीच्या हातातली केबल पाहिली. जुन्या फोनकडे पाहिलं, ज्यात त्रेसष्ट मेसेज वाट पाहत होते.

"राहू दे," ती म्हणाली. "त्या फोनातली जयवंताबाई तिथंच राहू दे. ही बरी हाय."